देवानंदच्या आईची माती

काकासाहेबाला तुम्ही लग्नाला बोलावलंत आणि तो आला नाही, तर रागावू नका. विसरला असेल. पण तुमच्या घरी माती झाली तर तो येणार म्हणजे येणार. माती म्हणजे आमच्याकडं अंत्यविधी. निरोप आला की हा शाळेत साहेबाला सांगायचा, खांद्यावर टॉवेल टाकायचा आणि मिळेल त्या गाडीत चढायचा. मेलेला माणूस ओळखीचा असलाच पाहिजे असंही काही नव्हतं. एकदा भोकरदनच्या गाडीत कंडक्टरनं दुसऱ्या कुणाला तरी मातीचा निरोप सांगितला, तो यानं ऐकला आणि मधल्याच गावात उतरून गेला. मी विचारलं, "तुझं कोण लागत होतं रे?" तर म्हणाला, "कोण न्हाई. पण कानावर पडलं ना. पडल्यावर कसं काय न जायचं?"

मी कारभारी. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. एक्क्याऐंशी साली मी दुकान टाकलं आणि त्याच वर्षी काकासाहेब हसनाबादहून इथल्या एका शाळेत शिपाई म्हणून आला. शाळेच्या खाकी चड्ड्या शिवायला माझ्याकडं यायच्या, त्या न्यायला तो यायचा. मग चड्ड्या नसतानाही यायला लागला. संध्याकाळी सहा वाजता येऊन बाकड्यावर बसायचा आणि दिवा लागेपर्यंत बसायचा. बोलायचा कमी. मी बोलायचो, माझं तोंड बंद राहत नाही, ते सगळ्या गावाला माहीत आहे. अशी आमची दोस्ती सत्तावीस वर्षं चालली आणि मग दोन हजार आठ साली तिला कॉम्प्युटर आडवा आला.

शाळेला चार कॉम्प्युटर मिळाले होते. खोलीची किल्ली काकासाहेबाकडं. तो सकाळी त्यांच्यावरचं कापड काढायचा आणि संध्याकाळी परत पांघरायचा. दुर्गा मॅडम नावाच्या तरुण बाई कॉम्प्युटर शिकवायच्या. त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी एक दिवस काकासाहेबाला ऑर्कुटवर घातलं. ज्यांना आठवत नसेल त्यांना सांगतो, तिथं आपल्या नावाचं एक पान असायचं. लोक त्या पानावर आपल्याला चार ओळी लिहायचे, आपण त्यांच्या पानावर लिहायचं. मराठी असली तरी इंग्रजी अक्षरांत लिहायची. काकासाहेब एकेक अक्षर शोधून दाबायचा. 'कसे आहात' लिहायला त्याला चहा गार होईपर्यंत वेळ लागायचा.

त्या पानावर आणखी एक भानगड होती. तुमचं पान कोण कोण येऊन बघून गेलं, त्यांची नावं तुम्हाला दिसायची. बाकीचे लोक ते वाचून सोडून द्यायचे. काकासाहेबाला ते काही पटेना. माझ्याकडं येऊन म्हणाला, "कारभारी, चार माणसं घरी येऊन गेली रे. बोलले न्हाई, पाणी प्याले न्हाई, तशीच गेली. आपलं काय चुकलं आसंल?"

"अरे, बघायला आले आन गेले. तुझं घर हाय का ते?"

"माझं नाव हाय की त्याच्यावर."

आणि या बहाद्दरानं त्या चौघांनाही लिहिलं. काल आपण येऊन गेलात, न बसता गेलात, काही राग आहे का? तिघांनी उत्तर दिलं नाही. त्यांना वाटलं असेल, कोण हा येडा. चौथ्यानं दिलं. त्याचं नाव देवानंद. मूळचा अंबडचा, नोकरीला पुण्यात. त्यानं लिहिलं, राग नाही काका, असं मला आजपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.

तिथून माझं बाकडं रिकामं झालं. शाळा सुटली की काकासाहेब कॉम्प्युटरच्या खोलीत. लाईट असेल तोवर तिथं, आणि लोडशेडिंग सुरू झालं की माझ्याकडं. म्हणजे लाईट गेली की माझी आठवण! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. मी अंधारात कात्री शोधत असायचो आणि हा बाकड्यावर बसून देवानंदपुराण सांगायचा. देवानंदनं आज विचारलं, अंबडकडं पाऊस आहे का. देवानंद म्हणतो, गावच्या घराचा पत्रा गळत असेल. देवानंदला चारशे बारा मित्र आहेत.

"आन तुला?" मी विचारलं.

"नऊ. त्याच्यात दुर्गा मॅडम धरल्यात."

"मी धरलाय का?"

तो गोंधळला. "तू कसा धरणार? तू तर हितंच हायस."

देवानंदच्या पानावर त्याचा स्वतःचा फोटो नव्हता, एका तळ्याचा होता. काकासाहेबानं त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आवाज ऐकलेला नव्हता. शाळेच्या फोनचा नंबर यानं त्याला चार वेळा लिहून पाठवला, पण फोन एकदाही आला नाही. काकासाहेबाच्या मनाला हेच खात होतं. ज्याच्याशी आपण रोज बोलतो त्याला एकदा डोळ्यांनी बघू नये, हे त्याच्या हिशेबात बसेना. मी विचारायचो, "मंग तो तुझा दोस्त हाय का न्हाई?" त्याला सांगता यायचं नाही. म्हणायचा, "भेटल्यावर कळंल."

म्हणून भेटायचं ठरवलं. दिवाळीत देवानंद अंबडला येणार होता, पण ऐनवेळी त्याला ताप आला. मग संक्रांतीला, तेव्हा ऑफिसात काम निघालं. शेवटी काकासाहेबानं स्वतःच लिहिलं की मी रविवारी पुण्याला येतो, स्टँडवर भेटा, मला ओळखायला सोपं, पांढरी टोपी आणि खांद्यावर टॉवेल. शुक्रवारी रजेचा अर्ज दिला. माझ्याकडून नवा सदरा शिवून घेतला. मी बटणं लावताना कुरकुरलो, पण सदरा चांगला शिवला.

शनिवारी सकाळची शाळा होती. दहाच्या सुमाराला काकासाहेब दुकानात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "कारभारी, ऊठ. माती झाली."

"कोणाची?"

"देवानंदच्या आईची. परवा गेली. त्यानं लिहिलंय, आई गेली, मी गावाकडं निघालो, तुम्ही पुण्याला येऊ नका."

"बरं मंग?"

"मंग काय? अंबडला जायचं. आज तिसरा दिवस. सावडायला न्हाई गावलो तरी दारावर बसून येऊ."

मी म्हणालो, अरे, तू त्याला ओळखत नाहीस, तो तुला ओळखत नाही, त्या बाईला तर कुणीच नाही. त्यावर तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलला. "साऱ्या दुनियेच्या मातीला जाणाऱ्या काकासाहेबानं दोस्ताच्या आईच्या मातीला न्हाई जायचं?" मला हातातलं काम टाकून उठावं लागलं. खरं सांगायचं तर मलाही तो देवानंद एकदा बघायचा होता. सत्तावीस वर्षांचं माझं बाकडं ज्यानं ओस पाडलं, तो दिसतो तरी कसा?

निघताना नंदाबाईनं, म्हणजे काकासाहेबाच्या बायकोनं, फडक्यात सहा भाकरी आणि बेसन बांधून दिलं. मातीच्या घरी चूल पेटत नाही. जवळचे लोक भाकर नेतात आणि घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो सोयऱ्यानं न्यायचा असतो, नाहीतर अगदी घरच्यासारख्या माणसानं. काकासाहेबानं गठुडं मांडीवर घेतलं आणि जालन्यापर्यंत, जालन्याहून अंबडपर्यंत, एकदाही खाली ठेवलं नाही.

देवानंदनं घराची खूण कधीतरी लिहिली होती. कोर्टाच्या मागची गल्ली, निळं दार. चहाच्या टपरीवर विचारलं तर टपरीवाल्यानं हात करून दाखवलं. दारासमोर गेलो आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. दाराबाहेर चपला नाहीत. ओट्यावर माणसं नाहीत. दोरीवर लुगडं वाळत घातलेलं.

"काकासाहेब, काही बराबर वाटत न्हाई."

"लोक सावडून आपापल्या गावाला गेले आसतील," तो म्हणाला. त्यानं टॉवेल डोक्यावरून ओढून घेतला, ओट्यावर टेकला आणि मान खाली घातली. मीही तेच केलं. रीत तशीच आहे. काही बोलायचं नाही, घरचं कुणी येईपर्यंत बसून राहायचं.

दार उघडलं. मी खालूनच पाय बघितले. बाईचे होते.

"कोण पायजे?"

काकासाहेबानं मान वर केली नाही. "देवानंद कुठं हाय?"

"पुण्याला."

"आला न्हाई?"

"दोन वर्सं झाले आला न्हाई."

मग काकासाहेबानं विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

"मी माय हाय त्याची."

मी चटकन वर बघितलं. पासष्टीची बाई, हातात सूप, कपाळावर गोंदलेलं. चांगली धडधाकट. काकासाहेब मात्र वर बघेना. तो टॉवेलखालीच राहिला.

"आन तुमच्या डोक्याला काय झालं भाऊ? ऊन लागलं का?"

"हाव," काकासाहेब म्हणाला आणि त्यानं हळूहळू टॉवेल खाली घेतला. "ऊन लई हाय."

तिचं नाव चतुराबाई. आम्ही देवानंदचे दोस्त आहोत म्हटल्यावर तिला काय करू आणि काय नको असं झालं. घोंगडी अंथरली, पाणी आणलं. पुन्हा पुन्हा आमच्या पिकल्या केसांकडं बघायची आणि हसायची. "त्याला दोस्त हायेत व्हय?" म्हणाली. "ल्हानपणी तर घरी पाव्हणं आलं की माळ्यावर जाऊन बसायचा. पाव्हणं जाईस्तवर उतरायचा न्हाई. तिथूनच भोकातून बघायचा. लोकायला बघायची तर हौस, पण बोलायला गेलं की थरथर कापायचा."

मी काकासाहेबाकडं बघितलं. तो माळ्याकडं बघत होता.

"कसा हाय तो?" तिनं विचारलं. "वाळलाय का?"

आता याला हो म्हणायला काय जात होतं? पण तो काकासाहेब. "अक्का, मी त्याला आजून पाह्यलं न्हाई."

"मंग दोस्त कसे?"

हाच प्रश्न मी त्याला वर्षभर विचारत होतो. त्यानं तिलाही धड उत्तर दिलं नाही. कॉम्प्युटरवर लिहितो आम्ही एकमेकांना, एवढंच सांगितलं.

"रोज?"

"रोज."

मग म्हणाली, "मला म्हैन्याला एक फोन करतो, तो पण शेजारच्यायकडं. बरी हायेस का, बरी हाय, ठेवू का, ठेव. तुम्हाला रोज लिव्हतो. मंग तुम्हीच जवळचे." आणि एकदम पुढं सरकून तिनं विचारलं, "माझं काय लिव्हतो?"

माझ्या तोंडावर आलं होतं. बाई, तुम्ही मेलात असं लिहितो. मी काकासाहेबाची मांडी दाबली, की बाबा, आता सांभाळ. तो खाली बघून बोलला. "पाऊस झाला की म्हणतो, घराचा पत्रा गळत आसंल. माय एकलीच हाय."

हे खरंच होतं. देवानंदनं तसं लिहिलं होतं, एकदा नाही, पाच-सहा वेळा.

चतुराबाईनं वर पत्र्याकडं पाहिलं. "तो तर मागल्या साली बदलला. त्याला लिव्हा, पत्रा गळत न्हाई म्हणावं." पदरानं तोंड पुसलं आणि मग तिची नजर त्या गठुड्यावर गेली. "ह्याच्यात काय हाय?"

काकासाहेबानं गठुडं आणखी जवळ ओढून घेतलं.

"भाकर हाय," शेवटी काकासाहेब म्हणाला.

"मंग सोडा की! मी सकाळपून चूल पेटवली न्हाई. एकटीसाठी काय पेटवायची?"

मी म्हणालो, राहू द्या, शिळी आहे, आंबली असेल. जे सुचेल ते म्हणालो. कडू घास तो, तिच्याच नावानं बांधलेला, आणि तो तिलाच खाऊ घालायचा? पण तिनं ऐकलं नाही. ताटं मांडली, गठुडं सोडलं, आम्हाला वाढलं आणि स्वतः दोन भाकरी खाल्ल्या. बेसन बोटानं पुसून खाल्लं. "कुणाच्या हातची हाय? लई दिवसांनी दुसऱ्याच्या हातची भाकर खाल्ली," म्हणाली. काकासाहेबाचा घास त्याच्या तोंडात तसाच फिरत होता. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर म्हणाला, मिरची लागली.

परतीच्या गाडीत मी पेटलो होतो. मी म्हणालो, असला कसला माणूस, याला दोस्त म्हणायचं, सोमवारी लिही त्याला, चांगलं खडसावून लिही. काकासाहेब खिडकीबाहेर बघत होता. बरंच पुढं गेल्यावर बोलला. "मला भेटायचं नव्हतं तर न्हाई म्हणायचं रे. मी काय आडून बसलो आसतो? माय कशाला मारायची त्याच्यासाठी?"

मग थोड्या वेळानं, "माळ्यावर बसला आसंल आता पण."

सोमवारी शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर त्या खोलीत गेलो. तोवर मी कॉम्प्युटर जवळून पाहिला नव्हता. आई गेल्याचं देवानंदनं सगळ्यांनाच कळवलं होतं, त्याच्या पानावर बासष्ट लोकांनी लिहिलं होतं. काकासाहेबानं मला वाचून दाखवलं. आत्म्यास शांती लाभो. आम्ही तुझ्या दुःखात सहभागी आहोत. आई ती आईच असते. बासष्ट माणसं, आणि अंबडच्या त्या ओट्यावर आम्ही दोघंच.

"लिही," मी म्हणालो. "तुझी माय जिती हाय, खोटारड्या."

"ते सगळ्यायला दिसतं. चारशे माणसांत त्याचं तोंड काळं करू का?"

"मंग काहीच लिहू नको."

"तिनं निरोप दिलाय. तो तर द्यावा लागंल."

त्यानं लिहायला सुरुवात केली. मी उभं राहून राहून दमलो. लिहून झाल्यावर त्यानं वाचून दाखवलं. अंबडला जाऊन आलो. पत्रा गळत नाही. एवढंच. बासष्ट जणांच्या खाली ते त्रेसष्टावं. वाचणाऱ्यांना काही कळलं नसेल, पण ज्याला कळायचं त्याला कळलं.

दुसऱ्या दिवशी काकासाहेबाचे मित्र आठ झाले. देवानंदचं नावच गेलं. पान उघडेना, शोधून सापडेना. दुर्गा मॅडमनीही बघितलं. म्हणाल्या, एकतर त्यानं तुम्हाला काढलंय, नाहीतर स्वतःच निघून गेलाय.

त्या दिवशी लाईट होती, तरी काकासाहेब सहा वाजता माझ्या बाकड्यावर येऊन बसला. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण त्याचं तोंड बघवेना.

"कारभारी, मी काय वाईट लिव्हलं का रे?"

"न्हाई."

"मंग तो दोस्त होता का न्हवता?"

"मला काय माहीत?"

मी मशीन चालवत राहिलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "उद्या ती माय खरंच गेली, तर आपल्याला कळवील कोण?"

मशीन थांबवून मी म्हणालो, त्यात काय, शाळेचा नंबर देऊन येऊ तिच्याजवळ.

"काय सांगून देऊ? तुम्ही गेल्यावर कळवा म्हणून?" तो माझ्याकडं बघत राहिला. "कळवणारा एकच होता रे. आन त्यानं तर कळवून टाकलंय."